हंगामी तमाशा फड आणि वगाची संहिता

१

मराठी नाट्यवाङ्मयाच्या इतिहासात वगाला मिळालेले स्थान काहीसे संकोचाचे आहे. शाहिरी काव्याच्या संदर्भात रामजोशी, होनाजी बाळा, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या लावण्यांचा साक्षेपाने अभ्यास झाला. उमाबाबू सावळजकर यांच्या १८६५ मधील 'मोहना-बटाव'ला पहिल्या वगाचा मान देण्याची प्रथा रूढ झाली. पठ्ठे बापूरावांच्या (१८६६–१९४५) रचनेची थोरवीही मान्य करण्यात आली. मात्र प्रत्यक्ष वगाच्या चिकित्सेला आरंभ करताच अभ्यासकापुढे एक अडचण उभी राहते. वगाची संहिता बहुधा हाती लागत नाही. लागली तर ती त्रोटक असते आणि वाचताना तिच्यात नाट्य कमी, सांगाडाच अधिक जाणवतो. ज्या वगाने गावोगावचे प्रेक्षक रात्रभर खिळवून ठेवले, तोच कागदावर इतका निष्प्रभ का वाटावा, असा प्रश्न मग पडतो.

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. वग हा अशिक्षित कलावंतांचा प्रकार असल्याने त्याला वाङ्मयीन घाट लाभला नाही, हे एक. आणि वग ही प्रयोगसिद्ध कला असल्याने तिची संहिता गौणच असणार, हे दुसरे. पहिले उत्तर अन्यायाचे आहे. दुसरे खरे असले तरी अपुरे आहे, कारण कोणताही नाट्यप्रकार प्रयोगसिद्धच असतो. वगाची संहिता जशी आहे तशी का आहे, याचे उत्तर शोधावयाचे तर ती ज्या व्यवस्थेत घडते त्या व्यवस्थेकडे, म्हणजे फडाचा हंगाम, त्याचा करार आणि त्याच्या वाट्याला येणारी रात्र यांकडे पाहावे लागते. त्या दृष्टीने चैत्र-वैशाखात उभा राहून विसर्जित होणारा लहान व्यावसायिक फड, अर्थात हंगामी फड, हे सर्वांत बोलके उदाहरण ठरते. तमाशाविषयीच्या लेखनात मोठ्या, नावाजलेल्या फडांचा विचार पुष्कळ होतो. हंगामी फड मात्र बहुधा तळटीपेत राहतो.

२

ढोलकी फडाचा तमाशा दोन पद्धतींनी चालतो. पहिली पद्धत तंबूच्या तमाशाची. दसऱ्याला फडाचा नारळ फुटतो आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत, सुमारे सात महिने, फड गावोगाव फिरतो. सोबत तंबू, कनाती, रंगमंच, मालमोटारी आणि शंभराच्या आसपास माणसे असतात. प्रेक्षक तिकीट काढून येतो. दुसरी पद्धत हंगामी फडाची. हा फड गुढीपाडव्याच्या आगेमागे उभा राहतो व यात्रा संपल्या की मोडतो. त्यात दोन-तीन डझन माणसे असतात, तंबू नसतो. वर्षाचे उरलेले महिने त्यातील बहुतेक कलावंत शेतमजुरी वा अन्य रोजगार करतात. शासनाच्या अनुदानविषयक वर्गीकरणातही तमाशा फडांचे 'पूर्णवेळ' आणि 'हंगामी' असे दोन वर्ग मानलेले आहेत. हंगामी फडाला हौशी समजणे मात्र चुकीचे होईल. त्यातील प्रत्येकाला मोबदला ठरलेला असतो, अनेकांनी आधी उचल घेतलेली असते आणि पुष्कळांचे बालपण मोठ्या फडांच्या मालमोटारीत गेलेले असते.

या दोन पद्धतींची गाठ जेथे पडते ते ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव. पुणे-नाशिक रस्त्यावरील हे बाजारपेठेचे गाव 'तमाशापंढरी' म्हणून ओळखले जाते. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड आणि भाऊंची कन्या विठाबाई (१९३५–२००२) यांच्यामुळे या गावाचे नाव तमाशाशी कायमचे जोडले गेले. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडमालक आपापल्या राहुट्या टाकतात. राहुटीवर फडाच्या नावाचा फलक असतो. आत मालक किंवा त्याचा व्यवस्थापक वही घेऊन बसलेला असतो. गावोगावचे पंच, कारभारी, यात्रा कमिटीचे सभासद राहुट्यांतून फिरतात, चौकशी करतात, घासाघीस करतात आणि शेवटी 'सुपारी' ठरते. कोणत्या गावाला, कोणत्या तिथीला, किती रकमेला आणि किती कलावंतांनिशी फड येणार, हे त्या कराराचे मुख्य कलम असते.

येथे तिथीचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. ग्रामदैवताची यात्रा तिथीने बांधलेली असते. ती सोयीनुसार पुढे-मागे सरकत नाही. रब्बीची मळणी उरकलेली, खरिपाची लगबग अद्याप दूर, हातात थोडा पैसा आलेला आणि मुंबई-पुण्यास गेलेली माणसे गावी परतण्यास मोकळी, अशा काळात पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य गावांच्या यात्रा येतात. त्यांतही चैत्र पौर्णिमा, चैत्र वद्य अष्टमी, अक्षय्य तृतीया अशा मोजक्या तिथींना एकाच रात्री अनेक गावांना तमाशा हवा असतो. मोठे फड बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्या सुपाऱ्याही लहान गावांना न परवडणाऱ्या. मागणी आणि पुरवठा यांतील ही तफावत हंगामी फड भरून काढतो. चैत्र शुद्ध प्रतिपदा ते वैशाखी पौर्णिमा हे अंतर दीड महिन्याचे, सुमारे ४४ रात्रींचे. हंगामी फडाचे सारे नाट्यजीवन या ४४ रात्रींत, त्यातही भर तिथींच्या काही थोड्या रात्रींत, सामावलेले असते.

३

सुपारीचा तमाशा आणि तिकिटाचा तमाशा यांतील भेद केवळ आर्थिक नाही. प्रयोगाचे स्वरूप त्यामुळे बदलते. तंबूत बसलेला प्रेक्षक वैयक्तिकपणे पैसे मोजून आलेला असतो. यात्रेतील तमाशाचे पैसे गावाने वर्गणी काढून एकत्रितपणे दिलेले असतात. प्रयोग सर्वांना खुला असतो आणि प्रेक्षक म्हणून समोर अवघे गावच बसलेले असते. पुढे मानकरी, पंच, पैलवान, मागे पोरेटोरे, कडेला लांबच्या वस्तीवरून आलेली माणसे. ग्रामदैवताचा छबिना मिरवून झाला की फड उभा राहतो, दुसऱ्या दिवशी सकाळी कलावंतांची 'हजेरी' होते आणि दुपारी कुस्त्यांचा आखाडा भरतो. तमाशा हा अशा रीतीने यात्रेच्या विधिक्रमातील एक दुवा असतो. ग्रामदेवतेपुढील रात्र जागती ठेवणे, हे त्याचे मूळ प्रयोजन.

वगाच्या रचनेतील अनेक गोष्टींचा उलगडा येथे होतो. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा क्रम सर्वपरिचित आहे. छबिना लांबला तर गण उशिरा सुरू होतो. पाहुणे जेवून यावयाचे असतात तोवर गवळण रेंगाळते. मावशी आणि पेंद्या यांची थट्टामस्करी प्रेक्षक स्थिरावेपर्यंत ताणली जाते. वग तेव्हाच सुरू होतो जेव्हा गाव खऱ्या अर्थाने बसलेले असते. प्रत्येक गावी वगाच्या वाट्याला येणारा वेळ त्यामुळे वेगळा असतो. एके रात्री तो चार तास चालतो, दुसऱ्या रात्री दीड तासात आटोपावा लागतो. ज्या नाट्यकृतीला रोज निराळ्या लांबीची व्हावे लागते, तिची संहिता शब्दशः बांधलेली असून चालत नाही. फुलवता यावी आणि आवरताही यावी, अशीच ती असावी लागते.

४

हंगामी फडाची जुळवाजुळव होते तेव्हा तालमीला फार दिवस मिळत नाहीत. ढोलकीवाला एका गावचा, सोंगाड्या दुसऱ्या, गाणारी स्त्री तिसऱ्या. गतवर्षी ते याच फडात एकत्र असतील असेही नाही. अशा मंडळींनी पाच-सहा दिवसांत दोन-तीन वग उभे करावयाचे, ही गोष्ट लिखित नाटकाच्या पद्धतीने अशक्यच ठरावी. ती शक्य होते, कारण वगाची घडण दुहेरी आहे. पारंपरिक वगात पद्य बांधलेले असते आणि गद्य मोकळे असते. कथेचे वळण शाहीर लावणीतून किंवा कटावातून सांगतो, सुरत्ये झील धरतात आणि त्या पद्याने उघडलेल्या जागेत पात्रे बोलू लागतात. राजा शिकारीस निघाला, एवढे पद्याने सांगितले की प्रधानाने काय बोलावे व शिपायाच्या वेषातील सोंगाड्याने त्याची फिरकी कशी घ्यावी, हे त्या-त्या नटाने आपल्या शिदोरीतून काढावयाचे असते.

नटाची ही शिदोरी हाच वगाच्या संहितेचा मोठा भाग आहे. राजा, प्रधान, राणी, सावकार, पाटील, हवालदार, दरोडेखोर, विश्वासू नोकर असे पात्रांचे ठसे ठरलेले असतात. प्रत्येक ठशाबरोबर प्रवेशाची रीत, विशिष्ट संबोधने, सवाल-जवाबाचे नमुने, अडचणीच्या वेळी वापरावयाच्या कोट्या यांचा साठा येतो. कसलेला सरदार कोणत्याही फडात गेला तरी कोणत्याही राजाची भूमिका तासाभराच्या सूचनेवर उभी करू शकतो. कथानक नवे असले तरी तिचे घटक त्याच्या जिभेवर असतात. त्यामुळे 'वग बसवणे' याचा फडातील अर्थ संवाद पाठ करणे असा होत नाही. प्रवेशांचा क्रम, पद्यांच्या जागा आणि कोणता धागा कोणी कोणाकडे सोपवावयाचा, एवढे ठरले की वग बसला.

अशी रचना जगाच्या नाट्येतिहासात अपवादात्मक नाही. इटलीतील कोमेदिया देल्लार्ते या फिरत्या व्यावसायिक मंडळ्यांच्या नाट्यप्रकारात ठरावीक मुखवट्यांची पात्रे आणि संवादांऐवजी केवळ प्रसंगांचे आराखडे असत. फ्लामिनिओ स्काला याने १६११ मध्ये असे पन्नास आराखडे प्रसिद्ध केले. ते आज वाचताना वगाच्या टिपणवहीसारखेच कोरडे वाटतात. परंतु म्हणून त्या परंपरेला असंस्कृत ठरवण्याचे धाडस युरोपीय अभ्यासकांनी केले नाही. घराजवळचे उदाहरण दक्षिण कोकणातील दशावताराचे. तेथेही जत्रांच्या हंगामात फिरणाऱ्या व्यावसायिक मंडळ्या आहेत, खेळापूर्वी आख्यान ठरते आणि संवाद नट रंगभूमीवरच रचतात.

याच्या उलट उदाहरण पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचे आहे. तीही हंगामी व व्यावसायिक आहे. धानाची कापणी झाल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने गावोगाव नाटके होतात आणि गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, म्हणजेच वडसा, येथे नाट्यमंडळांची कार्यालये थाटलेली असतात. नारायणगावच्या राहुट्यांशी त्यांचे साम्य उघड आहे. तरीही झाडीपट्टीचे नाटक लिहिलेले असते आणि नटांना मागून वाक्ये पुरवणारा सूचक असतो. हंगामी असणे हे एकटे कारण संहिता मोकळी राहण्यास पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट होते. झाडीपट्टीत गावातील मंडळ तिकिटे विकते व प्रेक्षक अमुक एक नाटक पाहण्यासाठी येतो. चैत्रातील सुपारीत गाव फड ठरवते, वग ठरवत नाही. कोणता वग लावावयाचा हे पुष्कळदा त्या रात्री, समोरचे गाव पाहून ठरते.

५

वगाचे लिखित रूप मुळीच नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. शाहिरांची बाडे होती आणि त्यांत पद्ये उतरवलेली असत. मात्र ती बाडे घराण्याची ठेव मानली जात. दुसऱ्या फडाच्या हाती ती लागू नयेत याची दक्षता घेतली जाई. सवाल-जवाबाच्या सामन्यावर ज्यांची प्रतिष्ठा अवलंबून, त्यांना आपले शस्त्रागार खुले करणे परवडणारे नव्हते.

संपूर्ण संहिता लिहिण्याची सक्ती बाहेरून आली. स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर अश्लीलतेच्या कारणावरून बंदी आली. पुढे दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर तमाशाला अटींसह परवानगी मिळाली; संहिता तपासून घेऊन प्रमाणपत्र मिळवणे ही त्यांतील कळीची अट. या घटनेचा वाङ्मयीन परिणाम दुहेरी झाला. एकीकडे वगलेखक हा स्वतंत्र व्यवसाय स्थिरावला आणि ऐतिहासिक व सामाजिक विषयांवरील वगांची संख्या वाढली. दुसरीकडे, प्रमाणपत्रासाठी दाखल केलेली संहिता आणि यात्रेच्या रात्री उभी राहणारी संहिता या दोन वेगळ्या वस्तू झाल्या. पहिलीत सोंगाड्याचे बोलणे सर्वांत थोडे असते, कारण ते लिहिताच येत नाही आणि लिहिले तर तपासणीत टिकेल याची खात्री नसते. ज्या अभ्यासकांनी या प्रती प्रमाण मानून वगाचे मूल्यमापन केले, त्यांच्या हाती फडाचा वग न येता परवान्याचा वग आला.

शहरी रंगभूमीवरील लोकनाट्याची गोष्ट याहून भिन्न आहे. वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' (१९६५) हे तमाशाचा घाट घेणारे, परंतु लेखकाने लिहिलेले नाटक आहे. दादा कोंडके यांनी त्यात कितीही भर घातली तरी मूळ संहिता वाचनीय राहते. 'गाढवाचं लग्न' या वगाचा प्रवास अधिक उद्बोधक आहे. दादू इंदुरीकरांनी साकारलेला त्यातील सावळा कुंभार हा फडातील सोंगाड्याच्या शिदोरीतून घडला. तो पुढे प्रकाश इनामदार यांच्यासारख्या नटाकडून शहरी प्रेक्षकांपुढे आला तेव्हा एका सोंगाड्याचे उत्स्फूर्त बोलणेच पुढील नटांची संहिता बनले होते. फडातील नटाचे रात्रीमागून रात्री साचत गेलेले बोलणे हे लेखनच होते, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

६

हंगामी फडाच्या व्यवस्थेत वगाची जागा रात्रीच्या शेवटी आहे, हे वर सांगितले. हीच जागा गेल्या काही दशकांत त्याला घातक ठरत आली आहे. रंगबाजीत चित्रपटगीतांचा वाटा वाढत गेला. तरुण प्रेक्षकांच्या फर्माइशी पुरवल्याखेरीज पुढे सरकता येत नाही, आणि पुढच्या वर्षीची सुपारी त्याच प्रेक्षकांच्या समाधानावर अवलंबून असते. त्यातच ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या काळात उघड्या जागेवरील ध्वनिक्षेपकास बंदी आली. वर्षातील ठरावीक दिवशी, पंधराच्या मर्यादेत, मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्यांना आहे. परंतु गावोगावी भिन्न तिथींना येणाऱ्या यात्रा त्या मोजक्या दिवसांत बसत नाहीत. सार्वजनिक शांततेच्या दृष्टीने हा नियम योग्य असला, तरी ज्या कलेचा गाभा मध्यरात्रीनंतर सुरू होत असे, तिच्यावर त्याचा होणारा परिणाम दुर्लक्षिण्यासारखा नाही. वेळ तुटली की प्रथम वग तुटतो. गण-गवळण हा विधी म्हणून उरतो, गाणी मागणी म्हणून उरतात. कथा मात्र उद्यावर जाते, आणि उद्या फड दुसऱ्या गावी असतो.

याहून मोठा आघात २०२० मध्ये झाला. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवसापासून करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली. ७ मेच्या बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या साऱ्या ४४ रात्री बुडाल्या. २०२१ मध्ये पाडवा १३ एप्रिलला आला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यात कडक निर्बंध सुरू झाले. लागोपाठ दोन हंगाम गेले. तंबूच्या फडाचा निदान मंडप, नाव, मालमोटारी एवढा मागमूस उरतो. हंगामी फडाला तेवढेही अस्तित्व नसते. तो मोडल्यावर पुन्हा उभा राहिला नाही, तर मागे फक्त विखुरलेली माणसे राहतात. झालेल्या हानीचा विचार करताना बुडालेल्या सुपाऱ्या व फिटू न शकलेली उचल यांचा उल्लेख झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र आणखी एक हानी मोजावी लागेल. वगाचे गद्य नटांच्या स्मरणात असते आणि ते स्मरण एकट्याचे नसते. सरदाराने एक धागा टाकावा आणि सोंगाड्याने तो उचलावा, तेव्हाच ते जागे होते. प्रधानाच्या भूमिकेतील एक वृद्ध नट त्या काळात दगावला असेल, तर त्याच्यासोबत त्याच्या समोरच्या राजाचे अर्धे संवादही गेले.

७

या विवेचनातून वगाच्या अभ्यासपद्धतीसंबंधी काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, 'वगाची मूळ संहिता' शोधण्याचा आग्रह सोडून संहितेची रूपे नोंदवणे इष्ट ठरेल. एकच वग एका हंगामात तीन गावी पाहिला, तर त्यात स्थिर काय, चल काय आणि चल भाग कोणत्या कारणाने बदलला, हे निश्चित करता येते. दुसरा निष्कर्ष नोंदीच्या तपशिलाविषयी आहे. तिथी, गाव, सुपारीची की तिकिटाची रात्र, प्रयोगाला मिळालेला वेळ, भूमिका करणारे नट आणि त्यांचे पूर्वीचे फड, ही माहिती नसेल तर ध्वनिमुद्रित वगही अर्धाच कळतो. नामदेव व्हटकर, रुस्तुम अचलखांब, विश्वनाथ शिंदे यांच्या अभ्यासाने तमाशाचा इतिहास आणि त्याचे कलारूप यांची भक्कम पायाभरणी केली आहे. तिच्यावर उभारावयाचे पुढील काम हे असे हंगामनिहाय नोंदींचे आहे आणि ते महाविद्यालयीन विभागांच्या आवाक्यातील आहे. पश्चिम महाराष्ट्रातील क्वचितच एखादे ग्रामीण महाविद्यालय असे असेल, की ज्याच्या परिसरात चैत्र-वैशाखात एकही यात्रा भरत नाही. अडचण एवढीच, की विद्यापीठांच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात, आणि त्यामुळे ज्यांनी वग पाहावयाचा ते प्राध्यापक व विद्यार्थी तेव्हा उत्तरपत्रिकांत गुंतलेले असतात.

तिसरा निष्कर्ष मूल्यमापनाचा. कागदावरील वग अपुरा वाटतो तो लेखकाच्या उणिवेमुळे नव्हे. उरलेला भाग नटांच्या ठायी, आणि ते नट दीड महिन्यापुरत्या एकत्र येणाऱ्या फडात ठेवलेला असतो. समीक्षेने आजवर त्या साठवणीचा पहिला भाग वाचला. दुसरा भाग वाचण्यासाठी पुढील पाडव्याला राहुट्या पडतील तेव्हा तेथे जावे लागेल, आणि कोणता फड या वर्षी उभा राहिला नाही, याचीही नोंद तितक्याच काळजीने करावी लागेल.